जकातचे (इस्लाममधल्या अनिवार्य दानाचे) पैसे माझ्या खात्यात पडून आहेत, मी अडचणीत येईन का?

प्रश्न : पुराच्या दुसऱ्या दिवशी मी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, 'ज्यांची जकात द्यायची राहिली असेल त्यांनी माझ्या खात्यावर पाठवा, छावणीत पोचवते.' निरोप पुढे फिरला आणि अनोळखी लोकांचेही पैसे आले. एकूण ३ लाख ४० हजार जमले. त्यातले ४० हजार मामेभावाचे, तो ब्रिटनचा नागरिक आहे. दीड लाखाचं धान्य आणि चादरी वाटल्या, बाकी खात्यात आहेत. आता एकजण ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती मागतोय. एका बाईंचं म्हणणं, त्यांचे पैसे जकातीच्या हक्कदारालाच मिळाले पाहिजेत. मी काय करू?

उत्तर : तुमची नियत चोख आहे, आणि तुम्ही वेळेवर विचारलंत. पण आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. खातं तुमचं असलं तरी हे पैसे तुमचे नाहीत. दुसऱ्याची जकात पोचवणाऱ्याला फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, 'वकील' म्हणतात. १८७२ च्या करार कायद्यातही तुमचं स्थान जवळपास तेच आहे, म्हणजे प्रतिनिधीचं. देणाऱ्याने सांगितलं तसंच वागायचं (कलम २११) आणि मागेल तेव्हा हिशेब द्यायचा (कलम २१३). म्हणून त्या बाईंची अट तुमच्यावर बंधनकारक आहे. कुराणातल्या सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. कालपर्यंत खाऊनपिऊन सुखी असलेला आणि आज छत गमावलेला माणूस त्यांत बसतो का, हे मुफ्तींना, म्हणजे धर्माचा निर्णय देणाऱ्या जाणकारांना, विचारा. तो निर्णय माझा नाही. त्यांचं उत्तर मिळेपर्यंत बाईंची रक्कम बाजूला ठेवा. कोणी 'सदका (ऐच्छिक दान) आहे, कुणालाही द्या' असं लिहिलं असेल तर तेवढी रक्कम मोकळी आहे.

उद्याच बँकेत जाऊन वेगळं बचत खातं उघडा आणि उरलेली रक्कम, मामेभावाचे ४० हजार सोडून, तिकडे वळवा. वर्षभरात नातेवाईक नसलेल्यांकडून मोबदल्याविना एकूण ५० हजारांहून जास्त रक्कम आली तर आयकर खातं ती तुमचं उत्पन्न समजू शकतं. मामे, चुलत, आते भावंडं आयकर कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक नाहीत. तुमचा बचाव एकच, हे पैसे मी दुसऱ्यांच्या वतीने धरले होते. त्याचा पुरावा तुमच्या फोनमध्येच आहे. तो पहिला मेसेज, प्रत्येकाचं 'जकात पाठवली आहे' हे उत्तर, धान्याची बिलं. सगळ्याचे स्क्रीनशॉट आज काढून ठेवा, ग्रुपवर जुनं पुसलं जातं.

मामेभावाच्या पैशांची मला खरी काळजी वाटते. परदेशी नागरिकाने मदतकार्यासाठी दिलेली रक्कम, रुपयांत दिली तरी, २०१० च्या परकीय देणगी नियमन कायद्याखाली येते. नोंदणीशिवाय ती घेता येत नाही, आणि मामेभावाला जवळच्या नातेवाइकाची सूटही लागू नाही. (तोच भारतीय पासपोर्टवर परदेशात नोकरी करत असता आणि स्वतःच्या बचतीतून पाठवत असता, तर हा प्रश्न उद्भवला नसता.) त्या रकमेला हात लावू नका. परकीय देणग्यांचं काम करणाऱ्या सीएंना कागद दाखवा आणि आले त्याच मार्गाने पैसे परत करा. त्याला द्यायचेच असतील तर नोंदणीकृत संस्थेच्या दिल्लीतल्या ठरलेल्या खात्यात त्याने थेट भरावेत. मात्र ती संस्था स्वतः मदत करणारी हवी, कारण २०२० च्या दुरुस्तीपासून असे पैसे पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत.

८०जीची पावती तुम्ही देऊ शकत नाही. ती मान्यताप्राप्त संस्थाच देते. धान्य-चादरींच्या रूपाने दिलेल्या मदतीवर सवलत नाही, २ हजारांवरच्या रोख देणगीवर नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना तर मुळीच नाही. संस्था एकाच धर्मसमाजापुरती असेल तरीही ही सवलत सहसा मिळत नाही. त्या गृहस्थांना हे स्पष्ट कळवा.

निरोप अनोळखी लोकांपर्यंत गेला, म्हणजे तुम्ही जनतेकडून निधी गोळा केलात. महाराष्ट्रात त्यासाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच. तेव्हा आता एकही नवा रुपया घेऊ नका. ग्रुपवर तसं लिहा आणि हिशेबाचा कागद घेऊन स्वतःहून त्या कार्यालयात जा.

आणि एक कागद हाताने लिहा. खात्यातली किती रक्कम कोणाची, कशासाठी, आणि यातलं माझं काहीच नाही. खाली सही, तारीख. प्रतिनिधी वारला की त्याचा अधिकार संपतो. अशा वेळी बँक पैसे नॉमिनीच्या हाती देते आणि वारसांना ही जकात वारसाहक्काची वाटू शकते. तो कागद पासबुकात ठेवा आणि घरातल्या एका माणसाला जागा सांगून ठेवा.