औषधांच्या साठ्यासाठी पाटल्या गहाण ठेवू नका

ताई, सिन्नर तालुक्यातल्या तुमच्या २२ शेळ्या आणि एक बोकड. वर्षभराच्या लसी, जंतनाशकं, इंजेक्शनं एकदम उचलली तर नाशिकचा घाऊक विक्रेता १५ टक्के सूट देतोय. बिल ४०,०००, सूट जाऊन ३४,०००. बचत खात्यातले २८,००० तसेच ठेवून पाटल्यांवर सोनेतारण घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. घेऊ नका. औषध घरात हवं हे मात्र अगदी खरं, त्याची सोय आपण करू.

सूट ६,००० रुपयांची. महिना एक टक्क्याने वर्षाचं व्याज ४,०८०. उरले १,९२०. दोन हजारांच्या बाटल्या मुदत संपून फेकल्या की तेही गेले, आणि २३ जनावरांत तेवढ्या नक्की फेकल्या जातील. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाच्या लसीचंच उदाहरण बघा. ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि तुमच्याकडे वीज रोज जाते. गरम होऊन निकामी झालेली लस नुसती बघून ओळखू येत नाही. टोचल्याचं समाधान मिळतं, संरक्षण नाही. बाटली बहुधा शंभर मात्रांची, कालवली की काही तासांत संपवायची. उरलेल्या मात्रा कोणाला देणार? शिवाय एकदा टोचली की साधारण तीन वर्षं पुरते, आणि सरकारी मोहिमेत ती मोफत मिळते.

प्रतिजैविकं तर यादीतून काढूनच टाका. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायची औषधं आहेत. जंतनाशकही लेंड्या तपासून, वजनावर, लागेल तेवढंच आणा. अल्बेंडाझोल नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला चालत नाही, हे विक्रेता सांगेलच असं नाही.

घरात काय हवं, ते रात्री दोन वाजता काय लागेल यावरून ठरवा. पोटफुगीवर डॉक्टर सांगतील ते औषध आणि पाजायची नळी. थर्मामीटर (शेळीचा ताप १०४ अंशांपुढे गेला की फोन करायचाच). करडाच्या नाळेला पोव्हिडोन आयोडीन, जखमेत अळ्या पडू नयेत म्हणून फवारा, हगवणीवर क्षारांची पुडी, खुरं कापायची कात्री, हातमोजे. याला मी ४,००० रुपये धरतो. यातली एखादी बाटली न वापरता मुदत संपली तरी हळहळू नका. शेळी आठ-नऊ हजारांची आहे आणि पोटफुगी सकाळपर्यंत थांबत नाही. लहानपणी आमच्या दारातली गाभण शेळी अशीच एका रात्रीत गेली. आई कितीतरी दिवस तिचं दावं सोडायला तयार नव्हती.

बचतीतल्या उरलेल्या २४,००० मधले १५,००० आजारपणासाठी वेगळ्या खात्यात ठेवा: डॉक्टर, गाडी, तपासणी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक गोठ्याच्या दारावर लिहा. बाकीच्यातून विमा. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून हप्त्यातला पशुपालकाचा वाटा १५ टक्के आहे. उरलेला केंद्र आणि राज्य भरतं. तुमच्याकडे ही योजना सध्या सुरू आहे का, ते दवाखान्यात विचारा. विमा उतरवलेल्या शेळीच्या कानातला ओळखीचा बिल्ला पडला तर त्याच आठवड्यात नवा लावून घ्या आणि प्रत्येक उपचाराची चिठ्ठी जपा, दाव्याच्या वेळी तीच मागतात.

आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन होणाऱ्या आजाराची) लस मात्र पावसाच्या आधीच व्हायला हवी. कोवळा चारा आला की हा आजार येतो. गावातल्या चार-पाच शेळीवाल्यांची नावं एकत्र करून या आठवड्यातच पशुवैद्यकांकडून तारीख घ्या.