गावाचा ग्रुप फुटला, आता काय करावं?

प्रश्न: ताई नमस्कार, मी गेवराई तालुक्यातला. आमच्या गावाचा एकच व्हॉट्सॲप ग्रुप होता, टँकर कधी येणार, कापूस काय भावानं चालला, कोणाची शेळी सुटली, सप्त्याची पंगत कोणाकडं, सगळं त्यावरच. आरक्षणाचं तापलं अन् वरून लोकसभा आली, तवापासून ग्रुपच दोन झाले. माझा वर्गमित्र किराणा दुकान चालवतो, एका व्हिडिओवरून आमची जुंपली, आता मी साखर आणायला दुसऱ्या गावाला जातो. घरचे म्हणतात मोबाइलनं वाट लावली. खरंय का?

उत्तर: दादा, सगळं खापर मोबाइलवर नका फोडू. शेतीत काही उरंना अन् पोराला नोकरी लागंना हे दुखणं तुमच्याही घरात आहे अन् त्याच्याही, ते काही ग्रुपनं आणलेलं नाही.

पण मोबाइल काही साधा नाही बरं का. फेसबुकनं २०१७ पासून लाइकपेक्षा इमोजीला पाचपट वजन दिलं होतं, त्यात तो रागाचा लाल चेहरा पण आला, म्हणजे तुमी चिडून लाल चेहरा दाबला की तीच पोस्ट अजून चार जणांपुढं जायची! कंपनीच्या आतली कागदं २०२१ ला बाहेर पडली तवा हे कळलं, त्याच्या आधी २०२० ला त्यांनी रागाचं वजन गुपचूप शून्यावर आणलं होतं.

व्हॉट्सॲपवर मात्र असलं मशीन नाही, तिथं पुढं ढकलणारे आपणच. २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारी टोळी आली म्हणून अफवा फिरली अन् जमावानं भिक्षा मागायला आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी ५ जणांना किंवा ग्रुपनाच फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, २०२० ला लई फिरलेला मेसेज एका वेळी एकालाच. पण एकेक करून वीस ग्रुपला टाकणारे आपल्याकडं कमी आहेत का? आमच्याच घरात एक आहे.

तुमच्या त्या व्हिडिओवर दोन बाण होते का बघा. दोन बाण म्हंजे तो लई हातांतून फिरून आलाय, तुमच्या मित्रानं काही तो काढलेला नाही. आमच्या चुलतभावानं शेजारच्या तालुक्यातली मारामारी म्हणून एक पाठवला होता, मी थांबवून बघितलं तर मागं दुकानाची पाटी कानडीत! फोन करून सांगितलं तर म्हणतो, असंल, पण असं होतंच की. आता याला काय बोलणार, मी विषय सोडला अन् त्याच्या सोयाबीनचं विचारलं.

तुमीबी ग्रुपवर खुलासा टाइप करत बसू नका, तिथं शंभर जण बघत असतात, त्यांच्यापुढं कोणीच माघार घेत नाही. पिशवी घ्या अन् दुकानात जा, गिऱ्हाईक कमी असतं तवा, दुपारचं. व्हिडिओचं नाव काढू नका. अन् मागची काही उधारी असंल तर ती आधी द्या.