एंटरप्राइझ आर्किटेक्टला (ईए, स्पार्क्स सिस्टिम्सचं मॉडेलिंग सॉफ्टवेअर) स्वतःचं अ‍ॅडइन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, जोडलं, बिल्डही नीट झालं, तरी यादीत 'एरर - मिसिंग' का येतं? जावात लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं का?

आधीच कोडला हात लावू नका, तो बहुतेक ठीक असेल. 'एरर - मिसिंग' याचा अर्थ एवढाच की ईएला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, तुमच्या अ‍ॅडइनचं नाव सापडलं, पण त्या नावाचा कॉम (विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमने दुसऱ्याचा कोड वापरायची पद्धत) क्लास उभा करता आला नाही.

आधी टास्क मॅनेजरमध्ये बघा, तुमचं ईए ३२ बिट आहे की ६४. आवृत्ती १६ पासून दोन्ही मिळतात आणि निम्मे लोक इथेच अडकतात. ३२ बिटवालं ईए रजिस्ट्रीत करंट यूझरखाली सॉफ्टवेअर, त्यात स्पार्क्स सिस्टिम्स, त्यात 'ईएअ‍ॅडइन्स' ही की वाचतं. ६४ बिटवालं 'ईएअ‍ॅडइन्स६४' वाचतं. तिथे अ‍ॅडइनच्या नावाची सबकी करायची आणि तिच्या डिफॉल्ट व्हॅल्यूत नेमस्पेस, टिंब, क्लासचं नाव. डीएलएलचा, म्हणजे बिल्डमधून निघालेल्या फाइलचा, पाथ नाही! तो तिथे टाकलेला मी इतक्या जणांच्या मशीनवर पाहिलाय की आता हसूही येत नाही.

मग रेगअ‍ॅझम, म्हणजे डीएलएल कॉमसाठी विंडोजकडे रजिस्टर करणारं टूल. ३२ बिटसाठी विंडोजच्या फोल्डरातल्या मायक्रोसॉफ्ट डॉट नेटमधलं 'फ्रेमवर्क' फोल्डर, ६४ साठी 'फ्रेमवर्क६४', दोन्हीकडे व्ही४.०.३०३१९ च्या आतलं. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि डीएलएलचा पाथ नोंदवणारा कोडबेस स्विच द्यायला विसरू नका. तो नसेल तर डॉट नेट तुमची डीएलएल ईएच्या एक्झीशेजारी शोधत बसतं. असेंब्ली साइन केलेली नाही अशी वॉर्निंग येते, येऊ द्या.

प्रोजेक्ट डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ चा क्लास लायब्ररी हवा. नव्या डॉट नेटमध्ये बनवला असेल तर रेगअ‍ॅझम त्याला ओळखतच नाही. तिथे कॉमहोस्ट आणि रेगएसव्हीआर३२ असा वेगळाच खटाटोप आहे. क्लास पब्लिक, कॉमव्हिजिबल ट्रू, पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर. क्लासइंटरफेस 'नन' करू नका, कारण ईए 'ईए_कनेक्ट', 'ईए_गेटमेन्यूआयटम्स', 'ईए_मेन्यूक्लिक' ही फंक्शन्स नावावरूनच शोधतं. स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं की एररही नाही, काहीच होत नाही. वरच्या पातळीच्या मेन्यूच्या नावाआधी डॅश नसेल तर सबमेन्यू उघडणार नाही.

दुसऱ्यांदा बिल्ड करताना 'फाइल वापरात आहे' असं आलं तर ईए बंद करा. तरीही टास्क मॅनेजरमध्ये ईए लटकलेलं दिसलं तर तुमच्या कोडने रिपॉझिटरीचा (उघड्या मॉडेलच्या ऑब्जेक्टचा) संदर्भ कुठेतरी धरून ठेवलाय. 'ईए_डिस्कनेक्ट'मध्ये जीसी कलेक्ट आणि वेट फॉर पेंडिंग फायनलायझर्स हे मेमरी मोकळी करणारे कॉल लिहा.

आता खरं विचारायचं ते. हे सगळं कशासाठी? निवडलेल्या पॅकेजमधल्या सगळ्या क्लासेसना टॅग्ड व्हॅल्यू (नाव आणि किंमत अशी जादा माहिती) लावायची, एवढंच काम असेल तर डीएलएल कशाला? ईएच्या आत स्क्रिप्टिंग विंडो आहे, जावास्क्रिप्ट किंवा व्हीबीस्क्रिप्ट चालतं, आणि स्क्रिप्ट मॉडेलमध्येच साठते, म्हणजे मॉडेल उघडणाऱ्या प्रत्येकाला आपोआप मिळते. डीएलएल मात्र प्रत्येक मशीनवर रजिस्टर करत फिरा. 'प्रोफेशनल' दिसतं म्हणून डीएलएलचा हट्ट धरणाऱ्यांशी मी बरीच वर्षं भांडतोय. अजून एकानेही मला पटेल असं कारण दिलेलं नाही. मॉडेलमधल्या घडामोडींवर लक्ष ठेवायचं असेल, म्हणजे एलिमेंट बनताच किंवा डिलीट होताच काही करायचं असेल, तर अ‍ॅडइन खुशाल लिहा, ते मान्य.

आणि दोन्हीकडे एक नियम पाळा: वाचायला रिपॉझिटरीचं एसक्यूएलक्वेरी वापरा, एलिमेंट्स साठवणाऱ्या टी_ऑब्जेक्ट टेबलावर एक क्वेरी मारा. हजारो एलिमेंट्सवर कलेक्शन फिरवत बसलात तर चहा पिऊन याल तरी संपणार नाही. पण लिहायला मात्र ऑब्जेक्टच, आणि शेवटी अपडेट. अपडेट राहिलं तर बदल गायब, तोही गुपचूप. थेट टेबलात लिहाल तर उघड्या ईएला त्याचा पत्ताच नसतो.

जावाचं विचारलंत ते राहिलंच. जावाची एपीआय (कोडमधून ईए चालवायची सोय) एसएसजावाकॉम नावाच्या डीएलएलमार्फत ईएला बाहेरून चालवते. रात्री रिपोर्ट काढायला उत्तम, पण मेन्यूत तुमचं नाव काही येणार नाही. तिथेही जावा आणि ती डीएलएल, दोन्हींचे बिट जुळायला लागतातच.