व्हिएतनामच्या खेड्यांत लहान मुलांचे फोटो काढायचे आहेत. कोणती लेन्स न्यावी आणि मुलांना काय द्यावं?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात उत्तर व्हिएतनामच्या डोंगरांत, सापा आणि हा जियांग या भागांत जाणार, ह्मोंग या डोंगरी जमातीच्या वाड्यांवर दोन-तीन मुक्काम आहेत, आणि लेकरांचे 'नैसर्गिक' फोटो हवेत.

लेन्सचं आधी सांगून टाकतो. ३५ मिमी. ७०-२०० ही लांबचं जवळ ओढणारी लेन्स संभाजीनगरलाच राहू द्या. ३५ ने चौकटीत लेकरू भरायचं तर दीड मीटरवर जावंच लागतं, आणि दीड मीटरवरून चोरून फोटो निघत नाही. लांबून ओढलेल्या फोटोत मागचं सगळं पुसलं जातं. घर, चूल, डोंगर काहीच उरत नाही, उरतो फक्त एक मळका चेहरा. असले चेहरे आपल्याकडं मोप काढून झालेत.

आता खरं दुखणं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या महिन्यात पाण्यापेक्षा कॅमेरे जास्त आले की काय असं वाटावं इतके लोक जिल्ह्यात फिरत होते. औसा तालुक्यातल्या एका गावात टँकरनं विहिरीत पाणी सोडलं होतं, दोरानं शेंदणं चालू होतं. नऊ-दहा वर्षांची एक पोरगी भरलेली कळशी घेऊन निघाली. फोटोवाल्यानं तिला थांबवलं. कळशी खाली ठेवायला लावली, रिकामी दुसरी हातात दिली, विहिरीच्या काठावर बसवलं आणि वर बघायला सांगितलं. वर, आभाळाकडं. असं चार वेळा. तिला अजून एक खेप करायची होती, पण तेवढ्यात रांगेतला तिचा नंबर गेला. फोटो पेपरात आला. खाली गावाचं नाव चुकीचं आणि पोरीचं नावच नाही. तिचा बाप म्हणाला ते इथं जसंच्या तसं लिहितो: "फोटो काढला त्याचं काही नाही ओ, पण लेकरू भुकेलं दाखवलं. घरी दोन म्हशी हायत, छावणीला बांधल्यात."

दुष्काळ खोटा नव्हता. पण त्या पोरीच्या हाताला दोराचे वळ होते, तिनं आज्जीचा नंबर धरून ठेवला होता, शेजारच्या बाईशी ती हुज्जत घालत होती. हे सगळं समोर असताना ते सोडून आभाळाकडं बघणारं लेकरू उभं केलं गेलं. किल्लारीला १९९३ च्या भूकंपातही हेच झालं आणि ऊसतोडीच्या कोपीपुढं दर वर्षी हेच होतं. सापाच्या पोरांवर तेच करायला आपण तिकीट काढून जाणार असू, तर आपण काहीच शिकलो नाही.

वेरूळला बघा. गोरं कुटुंब आलं की आपली माणसं त्यांचं लेकरू उचलून घेतात आणि सेल्फी काढतात. आईच्या चेहऱ्यावरचं अवघडलेपण कुणी बघत नाही. व्हिएतनाममध्ये तुम्ही त्या सेल्फीवाल्याच्या जागी असता.

तर करायचं असं. वाडीत पोचल्यावर पहिली वीस मिनिटं कॅमेरा पिशवीत ठेवा. गाईड शक्यतो त्याच वाडीतला घ्या. त्याच्यामार्फत आधी घरातल्या बाईला विचारायचं, मग लेकराला. आईनं हो म्हटलं आणि लेकरू तिच्या मागं लपलं, तर उत्तर 'नाही' असं आहे. पहिला फोटो काढाल त्यात पोरं सावधान उभी राहतील, हात मांड्यांना चिकटलेले. तो मनापासून काढा, स्क्रीनवर दाखवा आणि खाली बसा. अक्षरशः खाली, मातीवर. कॅमेरा लेकराच्या डोळ्यांच्या उंचीला आला पाहिजे. दहा मिनिटांत त्यांचा रस संपतो आणि ती आपल्या कामाला लागतात: कुणी धाकट्याला पाठीवर बांधतं, कुणी लाकडं आणतं. तुम्हाला हवा असलेला नैसर्गिक फोटो तेव्हा मिळतो, परवानगी घेऊन.

मराठवाड्यात जिथं चार फोटोवाले जमतात तिथं एकजण तरी म्हणतो, "विचारलं की फोटो मरतो." पहिला मरतो, हे खरं आहे. पण पहिल्यावरच उठून जाणाऱ्यानं ती तक्रार करू नये. घाई त्याची असते आणि दोष परवानगीला लागतो.

डिसेंबरात सापाला धुकं असतं, उजेड कमी. घरं लाकडी, आतून काळोखी. लेकराला दारात बसवा, तोंड बाहेरच्या उजेडाकडं. मागची भिंत काळी असल्यामुळं कॅमेरा फसतो आणि चेहरा पांढरा फटक करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). उलट, मागं धुकट आभाळ असेल तर एक स्टॉप वर. शटर १/२५० सेकंदाच्या खाली नको, पळणाऱ्या पोरांना १/५००. आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ऑटोवर, वरची मर्यादा ६४०० ठेवा. दाणे आले तरी चालतात, हललेला चेहरा चालत नाही. एकच लेकरू असेल तर लेन्सचं छिद्र एफ/२.८. तिघं-चौघं असतील तर दोन मीटरवर एफ/५.६ ला पुढून मागं साधारण मीटरभर पट्टा स्पष्ट मिळतो, मागचाही नीट येतो. ५० मिमीवर एफ/१.४ ला दीड मीटरवर जेमतेम सात-आठ सेंटीमीटर मिळतात, म्हणजे धाकट्याचा चेहरा गेला. फ्लॅश आणि फोकसचा लाल दिवा बंद.

मुलांना काय द्यावं? चॉकलेट, पेन, पैसे, काहीच नाही. हा जियांगच्या घाटात फुलांची टोपली पाठीला लावून पोरं फोटोसाठी उभी असतात. तिथं दिलेला पैसा त्या पोराला उद्याही रस्त्यावर उभं करतो आणि त्याची शाळा कायमची सुटते. काही द्यायचंच असेल तर शाळेत जाऊन मास्तरांच्या हातात द्या.

फोटोची प्रत मात्र द्या. झटपट छापणारा इन्स्टॅक्स कॅमेरा असेल तर पाकिटात दहाच फोटो असतात, आणि एका पोराला दिला की पंचवीस उभी राहतात, मग हिसकाहिसकी होते. म्हणून सगळ्यांचा एकत्र काढा आणि आज्जीच्या किंवा आईच्या हातात द्या. प्रत्येक घरचे फोटो संपले की घरमालकाचं नाव, वाडी आणि होमस्टेचा नंबर कागदावर लिहून त्या कागदाचाच एक फोटो घ्या. परत आल्यावर हजार फोटोंत कोण कुठलं ते तोच सांगतो. तालुक्याच्या गावी फोटो छापून मिळत असतील तर होमस्टेवाल्याकडं पैसे देऊन ठेवा. 'पाठवतो' म्हणून न पाठवणं हे न काढण्यापेक्षा वाईट.

फोटो इंटरनेटवर टाकताना काळजी. व्हिएतनामचा बालक कायदा २०१६ चा आहे, १ जून २०१७ पासून लागू. मुलाची खासगी माहिती प्रसिद्ध करायला पालकांची संमती लागते, आणि मूल सात वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही. या माहितीत फोटो धरला आहे. म्हणजे 'काढू का' हा एक प्रश्न आणि 'इंटरनेटवर टाकू का' हा दुसरा. दोन्ही विचारा. फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते. नाव, शाळेचा बिल्ला आणि वाडीचा फलक एकाच फोटोत नको.

हे सगळं चेहऱ्याच्या फोटोचं झालं. बाजाराच्या किंवा भाताच्या पायऱ्यांच्या फोटोत लांब कुठं पोरं दिसली, तर प्रत्येकाची आई शोधत बसू नका. पण आंघोळ करणारं, उघडं, रडणारं किंवा आजारी लेकरू कुणी हो म्हटलं तरी नको. अनाथाश्रमात तर कॅमेरा घेऊन जायचंच नाही; कंबोडियात २०११ पासून 'मुलं ही पर्यटनस्थळं नाहीत' अशी मोहीम चालू झाली ती याच कारणानं.

इन्स्टॅक्सची पाकिटं विमानात हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन सामानाच्या स्कॅनरमध्ये फिल्म खराब होते. शिवाय ती ५ ते ४० अंशांतच नीट चालते. आपल्याकडं मे महिन्यात डिकीत विसरली की गेली. सापाला उलट अडचण, तिथं पहाटे पारा ५ च्या खाली येऊ शकतो आणि फोटो फिका, निळसर निघतो. निघाल्याबरोबर हलवत बसू नका, स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. रंग पूर्ण चढले की मगच आज्जीला द्या.