कोकणात वर्तमानपत्राचा संपादक आमदार झाल्याचं उदाहरण आहे का?

आहे. चिपळूणच्या ‘सागर’ दैनिकाचे संपादक निशिकांत ऊर्फ नाना जोशी आमदार झाले. पण पेपर आणि राजकारण यांची गाठ माझ्या मते त्याआधीच अलिबागकडे नारायण नागू पाटलांनी बांधली. तिथल्या चरी गावच्या कुळांनी खोतांविरुद्ध, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांविरुद्ध, 1933 पासून तब्बल सहा वर्षं भातशेती ओसाड ठेवली. उपासमार झाली, पण खोताच्या जमिनीत नांगर घातला नाही. आजही ऊर भरून येतो. त्या संपाचे पुढारी पाटीलच. 1937 मध्ये त्यांनी ‘कृषीवल’ हे वर्तमानपत्र काढलं. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. पाटलांचे चिरंजीव दत्ता पाटील पुढे अलिबागचे आमदार आणि विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले.