ऑनलाइन गेम खेळताना एरवी शांत असणारी मुलं एवढी शिवराळ का होतात?

तुमचा बारावीतला भाऊ घरात चकार शब्द वाकडा बोलत नाही, पण बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकांचा गेम सुरू झाला की खोलीतून नको ते ऐकू येतं. त्याच्यात काही बिघाड आहे का, असं विचारलंय तुम्ही. बिघाड नसावा. मी सांगलीचा, वय 36, गणपती पेठेत दुकान. दोन-तीन वर्षं आमच्या घरात तो आवाज माझा होता, म्हणून आतलं सांगतो.

रात्री शटर ओढलं, जेवण झालं की गेम. ओळखीचे चौघं जमले नाहीत तर गेम अनोळखी माणसं जोडून देतो. त्यांना आम्ही रँडम म्हणतो. नकाशावर 100 जण उतरतात आणि जिंकतो एकच स्क्वॉड, चौघांचा संघ, म्हणजे बहुतेक वेळा आपण हरणारच. हे डोक्याला कळतं, अंगठ्याला कळत नाही. वीस-पंचवीस मिनिटं लूट गोळा करायची, जीव मुठीत धरून झोन, म्हणजे नकाशावरचं सुरक्षित वर्तुळ, गाठायचा, आणि ऐन शेवटी रँडम उगाच गोळी झाडून आपली जागा दाखवून देतो. आपण नॉक, म्हणजे गोळी लागून आडवे. नॉक झालेल्याने करायचं काय? रांगायचं आणि कुणी रिव्हाइव्ह करतंय का, म्हणजे परत उभं करतंय का, बघायचं. मेलात तर दुसऱ्याचा खेळ बघत बसायचं. बंदूक गेलेली असते, माइक चालू असतो. माझ्या दहातल्या आठ शिव्या तरी याच वेळातल्या.

शिवाय मी मेलो तर पिंग वाढलेला, म्हणजे नेट मागे पडत असायचं, फोन तापलेला असायचा, नाहीतर बायकोने हाक मारलेली असायची. रँडम मेला तर तो नूब, म्हणजे अडाणी खेळाडू. त्यात रँक पुश, म्हणजे वरची श्रेणी गाठायची धडपड, चालू असेल तर विचारूच नका.

हाच मी रविवारी विश्रामबागेत टेनिस बॉल क्रिकेट खेळतो. कॅच सुटला की तिथंही तोंड सुटतं. पण ज्याने सोडला त्याच्याबरोबर अर्ध्या तासाने चहा प्यायचा असतो, त्याच्या घरची उधारी माझ्या वहीत असते. त्यामुळे 'काय भावा, हाताला तूप लावून आलायस काय?' एवढ्यावर मिटतं. रँडम जन्मात परत भेटणार नसतो.

जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने 2004 मध्ये याला ऑनलाइन डिसइनहिबिशन असं नाव दिलं: नाव नाही, चेहरा नाही, वर कुणी मोठं माणूस नाही, मग जिभेचा लगाम सुटतो. पण सगळा दोष माणसाचा नाही, गेमच्या रचनेचाही असतो. 'लीग ऑफ लेजेंड्स' या संघांच्या ऑनलाइन गेममध्ये तो बनवणाऱ्या रायट गेम्स कंपनीने विरुद्ध संघाशी बोलायची सोय आधीपासून बंद ठेवून पाहिली. हवी त्याने चालू करायची. लोक बोलायचे थांबले नाहीत, बोलणं जवळपास तेवढंच राहिलं, पण वाईट बोलणं 30 टक्क्यांहून जास्त घटलं. त्यांना हेही दिसलं की सराईत शिवराळ थोडेच. बरीचशी घाण एरवी ठीकठाक असणाऱ्यांची, ज्यांचा दिवस वाईट गेलेला असतो. आमच्याकडे 2020 च्या सप्टेंबरात पब्जी बंद झाला, 2021 च्या जुलैत तोच गेम बीजीएमआय म्हणून आला. नाव बदललं, आम्ही तेच.

एक गोष्ट मात्र माझ्या या हिशेबात बसत नाही. मिरजेची माझी मावसबहीण खेळते, माइक कायम बंद ठेवून. बाईचा आवाज ऐकला की बाकीचे सुरुवातीला विमानातून नकाशावर उडी मारायच्या आधीच सुरू होतात, म्हणते. अजून कुणी हरलेलंसुद्धा नसतं. तो राग नव्हे, ती निव्वळ नीच खोड.

माझं कमी कसं झालं सांगतो. एकदा चांगला खेळलो म्हणून ग्रुपवर टाकायला स्क्रीन रेकॉर्ड केली. सकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, इअरफोन न लावता लावली. माझा आवाज भरलेला, आणि त्याच्या खाली एक कोवळा आवाज, 'सॉरी भैया, सॉरी भैया'. चार वेळा. खेळताना मला तो एकदाही ऐकू आला नव्हता. क्लिप ग्रुपवर टाकली नाही. भावाला ओरडण्याऐवजी एक मॅच रेकॉर्ड करून ऐकायला सांगा, एकट्याने. तुम्ही शेजारी बसू नका.