वाचकांचे प्रश्न : कर्नलमधला ‘बूस्ट’

प्रश्न : एक्झिनॉस ४४१२ (सॅमसंगची चार कोरची एआरएम चिप) च्या बोर्डासाठी लिनक्स कर्नल बांधतो आहे. डिव्हाइस ट्रीत (कर्नलला बोर्डावरचं हार्डवेअर सांगणाऱ्या वर्णनात) १५०० मेगाहर्ट्झची नोंद आहे, पण उपलब्ध फ्रिक्वेन्सींची यादी १४०० वरच थांबते. चूक कुठे?

उत्तर : चूक कुठेच नाही. त्या नोंदीखाली ‘टर्बो-मोड’ असा शब्द असेल. तो दिसला की ओपीपी लायब्ररी (फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेजच्या जोड्या सांभाळणारा कर्नलचा भाग) फ्रिक्वेन्सी टेबलातल्या त्या ओळीवर बूस्टचा, म्हणजे नेहमीच्या कमालीपेक्षा वरच्या वेगाचा, झेंडा लावते, आणि बूस्ट बंद असेपर्यंत सीपीयूफ्रेकचा (सीपीयूचा वेग सांभाळणाऱ्या कर्नलच्या भागाचा) गाभा ती ओळ मुकाट्याने वगळतो. सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फाइलसिस्टममधल्या) सीपीयूफ्रेक फोल्डरात ‘बूस्ट’ नावाची फाइल आहे. सुरुवातीला तिच्यात ० असतो. रूट म्हणून तिथे १ लिहा आणि कमाल फ्रिक्वेन्सीची फाइल पुन्हा वाचा, १५००००० दिसेल (आकडे किलोहर्ट्झमध्ये). नेहमीच्या यादीत मात्र बूस्ट चालू केल्यानंतरही १५०० येणार नाही. बूस्टच्या फ्रिक्वेन्सींची यादी वेगळ्या फाइलीत असते.

एक गोष्ट हमखास नडते. बूस्टच्या फाइलीत लिहिलं की वरची मर्यादा नव्याने भरली जाते आणि आधी हाताने लावलेली मर्यादा पुसली जाते. स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये बूस्ट आधी, मर्यादा नंतर.

प्रश्न : दुसऱ्या एका बोर्डावर बूस्ट चालू करताच मशीन गोठतं. कधी लगेच, कधी दहा मिनिटांनी. कर्नलचा दोष की चिपचा?

उत्तर : बहुतेक वेळा व्होल्टेजचा. ४४१२ चंच बघा : १४०० ला १.२८७५ व्होल्ट, १५०० ला १.३५. वेग वाढतो ७ टक्के. पण वीज वेगाबरोबर आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, त्यामुळे हिशेब जवळपास १८ टक्के जादा विजेवर जातो. शिवाय चारही कोर एकाच क्लॉकवर आणि एकाच व्होल्टेजवर चालतात, म्हणजे एका कोरला घाई असली तरी भुर्दंड चौघांना.

लगेच गोठत असेल तर आधी रेग्युलेटर (चिपला व्होल्टेज पुरवणारा भाग) बघा. फ्रिक्वेन्सी चढवताना व्होल्टेज आधी वाढवायचं, मग क्लॉक. उतरवताना क्लॉक आधी, व्होल्टेज नंतर. तयार ‘सीपीयूफ्रेक-डीटी’ ड्रायव्हर वापरत असाल तर हा क्रम ओपीपी लायब्ररी सांभाळते, स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये तुम्हीच सांभाळायचा. क्रम बरोबर असूनही गोठत असेल तर डिव्हाइस ट्रीत रेग्युलेटरचा ‘रॅम्प डिले’ (व्होल्टेज किती वेगाने चढतं याचा आकडा) दिला आहे का ते तपासा. तो नसला की कर्नल व्होल्टेज चढायची वाटच बघत नाही आणि कमी व्होल्टेजवर क्लॉक पळवतो.

याची उलटी बाजूही भेटते. रेग्युलेटरची कमाल मर्यादा १.३ व्होल्ट आणि नोंद १.३५ ची, अशा वेळी ओपीपी लायब्ररी ती नोंदच बाद करते. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) रेग्युलेटर पेलत नसल्याची ओळ सापडेल. ती मर्यादा डोळे झाकून वाढवू नका. आधी चिपची डेटाशीट उघडा.

दहा मिनिटांनी गोठत असेल तर उष्णतेवर संशय घ्या. थर्मल झोनच्या कूलिंग मॅपमध्ये (तापल्यावर कुणाचा वेग उतरवायचा ते सांगणाऱ्या नोंदीत) सीपीयू जोडलेला नसेल तर तापलं तरी कुणी वेग उतरवत नाही. कूलिंग मॅप नसलेल्या बोर्डावर बूस्ट देऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. चाचणी घेताना ‘यूजरस्पेस’ गव्हर्नर (यात वेग तुम्ही हाताने ठरवता) लावा, चारही कोर भरून ठेवा आणि १४०० ते १५०० अशी ये-जा करत राहा. नुसतं १५०० वर स्थिर ठेवलं तर क्रमाच्या चुका हाती लागत नाहीत.

प्रश्न : स्वतःचा सीपीयूफ्रेक ड्रायव्हर लिहितो आहे. बूस्टसाठी नेमकं काय भरायचं?

उत्तर : फ्रिक्वेन्सी टेबलच सगळं ठरवत असेल (बहुतेक एआरएम चिपांत तसंच) तर काम थोडं आहे. टेबलातल्या बूस्टच्या ओळींवर झेंडा, आणि ड्रायव्हरच्या रचनेत ‘सेट बूस्ट’च्या जागी गाभ्याचं तयार सॉफ्टवेअर फंक्शन. जुन्या कर्नलांत हे ड्रायव्हरच्या इनिटमध्ये (सुरुवातीच्या तयारीत) बूस्ट सपोर्ट सुरू करणाऱ्या फंक्शनला हाक मारून व्हायचं, ५.८ च्या आधी तर ‘सेट बूस्ट’ला पॉलिसीही (एकत्र वेग बदलणाऱ्या कोरांच्या गटाची माहिती) मिळत नसे, फक्त ० किंवा १. जुना पॅच उचलून लावण्याआधी फंक्शनची सही (ते कोणती मूल्यं घेतं) जुळवून घ्या. ओपीपीत आकडा हर्ट्झमध्ये आणि टेबलात किलोहर्ट्झमध्ये असतो. हजारपटीचा घोळ इथेच होतो.

एक्स८६ वर गोष्ट वेगळी. तिथे बूस्ट द्यायचा की नाही हे हार्डवेअर ठरवतं, कर्नल फक्त दार उघडतो नाहीतर बंद करतो. हे प्रोसेसरच्या सेटिंग रजिस्टरांतून (एमएसआर) होतं : इंटेलवर एमएसआर १ए० (हेक्स) चा ३८ वा बिट, एएमडीवर एचडब्ल्यूसीआर या रजिस्टराचा २५ वा. दोन्ही उलटे : बिट १ म्हणजे बूस्ट बंद. आणि कोर ऑफलाइन जाताना त्याचा हा ‘बंद’ बिट साफ करायला विसरू नका, नाहीतर झोपलेला कोर उरलेल्यांचा बूस्ट अडवू शकतो. ऑनलाइन येताना बिट बाकीच्यांशी जुळवून घ्यायचा.

प्रश्न : लॅपटॉपवर ‘बूस्ट’ फाइलच सापडत नाही. इंटेलचा प्रोसेसर आहे.

उत्तर : ‘इंटेल पी-स्टेट’ ड्रायव्हर चालू असेल. त्याच्या फोल्डरात ‘नो टर्बो’ फाइल आहे. तिथे १ म्हणजे टर्बो (इंटेलच्या भाषेत बूस्ट) बंद.

प्रश्न : ‘एसीपीआय-सीपीयूफ्रेक’ ड्रायव्हरवर कमाल २४०१ मेगाहर्ट्झ दिसते. टर्बो लागतो की नाही?

उत्तर : तो जादा १ मेगाहर्ट्झ म्हणजेच टर्बोची खूण, फर्मवेअरच्या टेबलात टर्बोची ओळ मूळ वेगात १ मिळवून लिहिण्याची पद्धत आहे. खरा वेग त्या आकड्यात नसतो. तो एपर्फ आणि एमपर्फ या दोन मोजणी रजिस्टरांच्या गुणोत्तराला मूळ वेगाने गुणून काढतात. ‘टर्बोस्टॅट’ चालवा आणि ‘बिझी मेगाहर्ट्झ’चा रकाना वाचा. आधी एकाच कोरवर भार टाका, मग सगळ्यांवर. दुसऱ्या वेळी आकडा खाली आला तर घाबरू नका, सगळे कोर जागे असताना टर्बोची मर्यादा कमीच असते.